साहेबांचं पान

१

कतारमध्ये संध्याकाळचे सहा वाजले की तिकडे गावात साडेआठ झालेले असत आणि बबीताची भाकरी तव्यावरून उतरलेली असे. मग ती फोन लावायची आणि विचारायची, “जेवलाव का?” हरिदास म्हणायचा, जेवलो. खरं तर संध्याकाळी सहाला कोण जेवतं? पण त्याचं ‘जेवलो’ कानावर पडल्याशिवाय बाई ताटावर बसत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तो रोज एकदा लग्नाच्या बायकोशी बिनदिक्कत खोटं बोलायचा. लग्नानंतरची बहुतेक वर्षं दोघांचं एकत्र जेवण म्हणतात ते एवढंच होतं.

गुरुवारी हा फोन दोह्यातल्या एका जुन्या हॉटेलच्या मागच्या पार्किंगमध्ये यायचा. हरिदास दोह्याबाहेरच्या मेसईदमधल्या एका कंपनीत ड्रायव्हर होता आणि त्याच्या वाट्याला आलेले साहेब म्हणजे व्हिटेकर. अमेरिकन इंजिनियर, उंच, पांढऱ्या भुवयांचे, उजव्या गुडघ्याने अधू. बबीता त्यांना विटेकर साहेब म्हणायची. पहिली दोन वर्षं तर हे कुणी सांगलीकडचे असावेत अशीच तिची समजूत होती, आणि हरिदासनेही गंमत म्हणून ती मोडली नव्हती.

साहेबांना बायको नव्हती, मूल नव्हतं, क्लबात जायची आवड नव्हती. त्यांना होता तो गुरुवार. त्या दिवशी अंगात कोट चढवायचा आणि डनमोरमध्ये जेवायला जायचं. डनमोर म्हणजे त्याच हॉटेलातलं, दोह्यात फार वर्षांपासून असलेलं अमेरिकन रेस्टॉरंट. त्याचं मूळ दुकान तिकडे अमेरिकेत आपल्या आजोबांच्या वेळेपासून चालतंय, असं साहेब अभिमानाने सांगायचे. काळसर लाकडाच्या भिंती, हिरव्या चामड्याच्या खुर्च्या, पितळी दिवे. हे सगळं हरिदासला ऐकूनच माहीत. ड्रायव्हरचं राज्य पार्किंगपर्यंत. त्याची भिंतीकडेची जागा ठरलेली होती, आणि तिथून वर पाहिलं की पहिल्या मजल्यावरच्या एका खिडकीत साहेबांचं डोकं दिसायचं.

साहेबांचं जेवण सुरू झालं की अलेक्स नावाचा वेटर पांढरा डबा घेऊन खाली यायचा. डब्यात गरम पाव आणि लोणी. साहेबांनी ड्रायव्हरसाठी पाठवलेलं. अलेक्स वसईचा, त्यामुळे दोन शब्द मराठीत व्हायचे. “घ्या हरिदासभाऊ, साहेबांचा प्रसाद,” असं म्हणून तो डबा खिडकीतून आत द्यायचा.

एकदा गावात वीज गेल्यामुळे बबीताचा फोन उशिरा आला. साहेब जेवून येऊन मागच्या सीटवर बसले होते आणि फोन स्पीकरवर होता. “जेवलाव का?” बबीताने विचारलं. ही बाई रोज काय विचारते, असं साहेबांनी विचारलं तेव्हा हरिदासने लाजत लाजत सांगितलं. साहेब म्हणाले, मलाही विचारायला सांग की. बबीताने तिकडे फोनवरच डोक्यावर पदर घेतला असणार. तोडक्यामोडक्या हिंदीत तिने विचारलं, “साब, खाना खाया?”

“नॉट येट,” साहेब म्हणाले.

हरिदास चकित झाला. माणूस आत्ताच भरपेट जेवून आला होता. गाडी समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्याला लागल्यावर त्याने धीर करून विचारलं, साहेब, खोटं का बोललात? साहेब खिडकीबाहेर बघत हसले. हो म्हटलं असतं तर तिने फोन ठेवला असता, म्हणाले. नाही म्हटलं की ती पुन्हा विचारील.

२

मार्चमध्ये साहेब गेले. गुरुवार होता. मेसईदहून निघाल्यावर वक्र्याच्या सिग्नलला ते म्हणाले, आज फार भूक लागली आहे, हरिदास. त्यानंतर काही बोलले नाहीत. हरिदासला वाटलं डोळा लागला असेल, म्हणून त्याने रेडिओचा आवाज कमी केला. डनमोरच्या पार्किंगमध्ये गाडी नेहमीच्या जागी लावून त्याने मागचं दार उघडलं तेव्हा सगळं संपलेलं होतं.

शवपेटी अमेरिकेला गेली. कुणा दूरच्या भाचीने सही करून उतरवून घेतली म्हणे. कंपनीने बंगला रिकामा केला. राहिला तो साहेबांचा करडा कोट, गाडीच्या मागच्या हुकाला लटकलेला. त्याच्याबद्दल कुणी विचारलं नाही आणि हरिदासनेही तो काढला नाही. बापानंतर त्याला कुणासाठी रडू आलं असेल तर या माणसासाठी. बबीताला मात्र त्याने यातलं अवाक्षरही सांगितलं नाही. ज्या गाडीत माणूस गेला तीच गाडी नवरा रोज चालवतो हे कळलं असतं, तर तिकडे तिच्या घशाखाली घास उतरला नसता.

त्याला खुपत होतं ते वेगळंच. साहेब जेवायला निघाले होते आणि भुकेले गेले.

हरिदासच्या गावाकडे पितृपंधरवड्यात पितर बसवतात. ज्या घरचं माणूस गेलं ते घर गावातल्या एखाद्याला जेवायला बोलावतं आणि तो त्या दिवशी मेलेल्या माणसाच्या नावाने पाटावर बसतो. गेलेल्याला जे आवडायचं ते त्याला वाढायचं. त्याने बोलायचं नाही. शेवटी घरातल्या कुणीतरी विचारायचं, पोट भरलं का? त्याने भरलं म्हणायचं, विडा तोंडात टाकायचा आणि मागे न बघता निघून जायचं. विचारल्याशिवाय मात्र पानावरून उठायचं नाही. बाप लहानपणीच गेल्यामुळे हरिदासला पितर म्हणून बसायचा हक्क लवकर मिळाला आणि त्यात तो तरबेज झाला. खाणं दणकट, तोंड बंद. गावातले निम्मे म्हातारे मेल्यावर हरिदासच्या तोंडाने जेवले, असं लोक गमतीने म्हणत. मेसईदच्या क्वार्टरमध्येसुद्धा पोपटराव फिटर दरवर्षी आपल्या वडलांच्या नावाने त्यालाच बसवायचा.

आता हरिदासची नोकरी संपली होती. शुक्रवारचं तिकीट हातात होतं, आणि ते कायमचं होतं. बबीताने लातूरहून दोन नवी ताटं आणून ठेवली होती, एकसारखी, काठाला नक्षीची. शुक्रवारपासून दोन ताटं एकदम वाढायची, असं तिने फोनवर तीन-चारदा सांगितलं होतं. आणि त्या शुक्रवारच्या आधीच्याच रविवारी सर्वपित्री अमावास्या येत होती. ज्यांची तिथी कुणाला ठाऊक नाही, ज्यांच्यामागे घास ठेवायला कुणी नाही, त्यांची ती अमावास्या. हरिदासने ठरवलं, जायच्या आधी साहेबांना जेवू घालायचं. तेही डनमोरमध्ये, त्यांच्याच टेबलावर. साहेब ख्रिस्ती होते, गोरे होते, हे त्याच्या मनात आलं होतं. पण भूक ती भूक.

पोपटरावला हे काही पटलं नाही.

“बसवणारा बी तूच अन् बसणारा बी तूच?” तो म्हणाला. “मग उठवणार कोण?”

हरिदासने त्याचाही विचार करून ठेवला होता. “सहाला बबीताचा फोन येतोच की. ती विचारंल.”

पोपटरावने तंबाखू मळता मळता मान हलवली. “ती तुला विचारती, हरिदास. साहेबाला नाही.”

मग दोघंही हसले. पोपटरावला रविवारी दुपारपाळी नसती तर तो सोबत गेलाही असता.

३

डनमोरचं टेबल अलेक्सनेच धरून ठेवलं. साहेबांच्याच नावाने धरलंय, म्हणाला, वहीत ते नाव तसंच असतं, कुणी पुसलेलं नाही. कोटाशिवाय आत घेणार नाहीत याची मात्र त्याने आठवण करून दिली. हरिदासकडे कोट कुठला? हुकावरचा करडा कोट त्याने झटकला, घातला. बाह्या लांब झाल्या. खिशात पेपरमिंटच्या दोन गोळ्या होत्या, साहेबांच्या. अल मन्सूराच्या वाण्याकडून विड्याची पानं आणून त्याने दुपारीच विडा बांधला होता. तो त्याच खिशात ठेवला.

सहाला बराच वेळ होता तेव्हा त्याने गाडी भिंतीकडेच्या जागेत लावली, फोन डॅशबोर्डवरच्या स्टँडला अडकवला, आरशात भांग नीट केला आणि उतरून दार लावलं. हवा ओली आणि चिकट होती. हॉटेलच्या पायऱ्या तो आज पहिल्यांदाच चढत होता.

अलेक्सने दारातच हात मिळवला. “या हरिदासभाऊ. शेवटी आलात आत एकदा.”

त्याला बरं वाटलं. परक्या जागी आपली भाषा ऐकली की माणसाची पाठ सरळ होते. हरिदासने त्याला सगळं आधीच सांगून टाकलं. साहेब घ्यायचे तेच आणायचं, बोकडाच्या चापा आणि भाजलेला बटाटा. आणि मी आज बोलणार नाही, नवस समज. अलेक्सने नवल केलं नाही. लेंटच्या उपासांत माझी आईपण असं काय काय धरते, तो म्हणाला.

सगळीकडे गालिचा होता, त्यामुळे कुणाची पावलं वाजत नव्हती. एवढी माणसं जेवत होती, पण ऐकू येत होता तो फक्त सुऱ्यांचा बारीक आवाज. अलेक्स त्याला कोपऱ्यातल्या टेबलाशी घेऊन गेला. टेबल दोघांचं. कुठल्या खुर्चीत बसणार, असं त्याने विचारलं नाही. त्याने एक खुर्ची मागे ओढली आणि हरिदास तिच्यात बसला.

मग त्याने खिडकीतून पाहिलं.

समुद्र हॉटेलच्या दुसऱ्या अंगाला होता. या खिडकीतून दिसायचं ते नुसतं पार्किंग, आणि पार्किंगमध्ये भिंतीकडेला उभी असलेली त्याची गाडी. समोरची काच, स्टिअरिंग, ड्रायव्हरची सीट. बाकी बघण्यासारखं काही नव्हतं. अलेक्सने पाण्याचा ग्लास भरताना सांगितलं की समुद्राकडचं टेबल साहेबांना कितीदा देऊ केलं होतं, पण ते हटून बसायचे, हेच पाहिजे. एवढी वर्षं आपण वर बघत होतो तेव्हा ते खाली बघत होते, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. दोघांपैकी एकाने एकदा नुसता हात हलवला असता तरी चाललं असतं.

४

त्याने मनातल्या मनात साहेबांचं नाव घेतलं, पाण्याचं बोट ताटाभोवती फिरवलं आणि पावाचा पहिला घास खाल्ला. झालं, पितर बसला. आता उठायचं ते विचारल्यावर.

पाव गरम होता. अलेक्सने आणखी हवाय का म्हणून विचारलं, “अजून देऊ, भाऊ?” हरिदासने मान हलवली.

चापा आल्या तेव्हा अलेक्स म्हणाला, “गरम है, सर, संभाल के.”

हरिदासला थोडं विचित्र वाटलं, पण ते वाटण्यासारखं काही नव्हतं. मॅनेजर आसपास असेल, आणि मॅनेजरसमोर गिऱ्हाइकाला कोण भाऊ म्हणतं? त्याने सहज मागे पाहिलं. मॅनेजर लांब दाराशी उभा होता, पाठमोरा.

चापांवर मीठ टाकून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण चव न बघताच मीठ टाकलं. ही साहेबांची सवय. गाडीत सँडविच खातानासुद्धा ते आधी मीठ टाकायचे, आणि हरिदासला त्याचं हसू यायचं. त्याने मीठदाणी हळूच बाजूला ठेवली. ऐकूनबघून सवयी लागतात, त्यात काय. मांस मऊ होतं. डाव्या हातात काटा धरून तो कापायचा, सुरी खाली ठेवायचा, काटा उजव्या हातात घ्यायचा आणि मग घास तोंडात घालायचा. सुरीकाट्याने आपण कधी जेवलो नाही, हे त्याला तिसऱ्या की चौथ्या घासाला आठवलं. तो थांबला. हात मात्र पुढचा तुकडा कापत होते.

आणि भूक हटेना. हरिदास पितर म्हणून पुष्कळदा बसला होता, पुरणाच्या राशी त्याने संपवल्या होत्या, पण असं कधी झालं नव्हतं. पोट दगडासारखं भरत चाललं होतं आणि भूक होती तेवढीच होती. ती पोटात नव्हतीच बहुतेक. कुठे होती ते त्याला सांगता आलं नसतं.

अलेक्स येऊन वाकला. या वेळी तो इंग्रजीत बोलला, अगदी हळू, आदबीने. ड्रायव्हरचा डबा खाली पाठवतोय, सर, नेहमीसारखा.

हरिदासने मान वर केली. अलेक्सच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. पितराने बोलायचं नसतं, म्हणून हरिदासने नुसता हात हलवून नको नको म्हटलं. अलेक्स हसून मान लववून गेला, जणू त्याला हवं ते उत्तर मिळालं होतं.

थोड्या वेळाने पार्किंगमध्ये अलेक्स दिसला, हातात पांढरा डबा. बाहेरचा उजेड कमी होत आला होता. तो सरळ गाडीपाशी गेला, वाकला, काहीतरी बोलला, हसलासुद्धा. गाडीची काच खाली गेली आणि आतून एका हाताने डबा घेतला.

हरिदासने खिडकीला कपाळ लावलं. काच थंडगार होती. तो स्वतःला समजावू लागला. कंपनीतला दुसरा ड्रायव्हर, अश्फाक असणार. ही गाडी उद्यापासून अश्फाकच्या ताब्यात जायची होती, त्याच्याकडे दुसरी किल्ली होती. आला असेल लवकर, उकाड्यात उभं राहण्यापेक्षा आत बसला असेल. फुकटचा पाव कोण सोडतो? सगळं नीट जुळत होतं. फक्त अश्फाक ऑफिसातून इतक्या लांब, या पार्किंगमध्ये, याच वेळी कसा पोचला, तेवढं जुळत नव्हतं.

खाली दिसलेला हात काळासावळा होता, मनगटावर लाल दोरा होता, हरिदासच्या हाताला असायचा तसाच. हरिदासने आपलं मनगट पाहिलं. कोटाची लांब बाही तळव्यापर्यंत आली होती. ती वर सारून बघायचं त्याने टाळलं.

५

सहा वाजत आले. आता बबीता विचारील, आपण भरलं म्हणू आणि निघू. त्याने फोनसाठी शर्टाच्या खिशात हात घातला. मग पँटच्या. मग कोटाच्या.

फोन गाडीत होता, स्टँडवर. या जागी गाडी लावायची आणि फोन स्टँडवर अडकवायचा, ही इतक्या वर्षांची सवय. आज गाडीत बसून राहायचं नाही, हे हाताला कुणी सांगितलंच नव्हतं. कोटाच्या खिशात विडाही सापडला नाही. पेपरमिंटच्या गोळ्या तेवढ्या होत्या.

उठून जावं तर पान मोडणार. पितर न विचारता उठला तर काय होतं, हे गावात कुणी कधी सांगितलं नव्हतं. तसं कुणी कधी केलंच नव्हतं. त्याने किल्ली काढून टेबलावर ठेवली, अलेक्सला खूण करून बोलावलं आणि नियम मोडून बोलला. माझा फोन गाडीत राहिलाय, तेवढा घेऊन ये, असं त्याने सांगितलं. आपण मराठीत बोललो असं त्याला वाटलं. अलेक्स ऐकून इंग्रजीत म्हणाला, लगेच आणतो, मिस्टर व्हिटेकर.

हरिदास खिडकीतून बघत राहिला. अलेक्स गाडीपाशी गेला. वाकून बोलला. किल्ली खिशातच ठेवून तसाच परत फिरला.

“ड्रायव्हर गाडीतच आहे, सर,” वर आल्यावर त्याने इंग्रजीत सांगितलं. “तो म्हणतो फोन त्याचाच आहे. घरून यायचाय.”

“कसा दिसतो तो?” हरिदासने विचारलं.

अलेक्सला हा प्रश्न कळला नाही. “आपला हरिदास, सर,” तो म्हणाला.

त्याच वेळी खाली गाडीत फोनचा पडदा उजळला.

त्या उजेडात आतलं थोडंसं दिसलं. काचेच्या वरच्या कडेमुळे कपाळ आणि डोळे झाकले होते, हनुवटी दिसत होती, मिशी दिसत होती. फोन कानाला लागला. हनुवटी दोनदा हलली. एवढाच एक शब्द. तो कुठला, हे सांगायला आवाज ऐकू यायची गरज नव्हती. हजारो संध्याकाळी त्या सीटवर बसून तो शब्द ज्याने उच्चारला होता, तोच वर बसून बघत होता. मग ती मिशी हसली. फोन खाली गेला, आणि खिशातून काहीतरी काढून त्या माणसाने तोंडात टाकलं. जबडा सावकाश हलू लागला. विडा चावताना हलतो तसा.

हरिदासला त्या क्षणी भीतीपेक्षाही मत्सर वाटला. मग भीती वाटली. शुक्रवारचं तिकीट गाडीच्या कप्प्यात होतं. पासपोर्टही तिथेच.

त्याने खुर्चीचे हात धरले आणि अंग वर उचललं. उजवा गुडघा आतून असा कळवळला की त्याला परत बसावं लागलं. हरिदासचे गुडघे कधी दुखले नव्हते. त्याने आयुष्यभर दुसऱ्याच्याच दुखऱ्या गुडघ्याला खांदा दिला होता. तो पुन्हा उठू लागला तेव्हा मागून अलेक्सने खुर्ची हलकेच टेबलाखाली सरकवली. सावकाश, सर, म्हणाला. घाई नाही.

खाली गाडीचे दिवे लागले. ड्रायव्हरने गाडी मागे घेतली, सावकाश, हरिदास घ्यायचा तशीच. वळवून फाटकाकडे नेली. गाडीतून कुणी वर पाहिलं नाही. विडा घेऊन निघालेल्याने मागे बघायचं नसतं, हे हरिदासइतकं कुणाला ठाऊक होतं? फाटकाशी क्षणभर लाल दिवा लागला आणि गाडी मेसईदच्या रस्त्याला लागली.

६

अजून एक वाट होती. बबीताचा नंबर त्याला तोंडपाठ होता. अलेक्सकडे त्याने फोन मागितला. रेस्टॉरंटचा फोन आला, जड, काळा. नंबर लावताना बोटं दोनदा चुकली. तिकडे घंटी वाजत राहिली तेव्हा त्याला डोळ्यांसमोर घर दिसलं. चुलीजवळ टेकवलेली दोन नवी ताटं, एक अजून कागदात गुंडाळलेलं.

“हॅलो? कोन?” बबीताचा आवाज.

त्याला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. बबीता, मी, तो म्हणाला. मी इथं वर आहे, तो जो बोलला तो मी नव्हे, तू मला विचार, आत्ताच्या आत्ता विचार. असं सगळं तो म्हणाला. आपल्याच तोंडातून निघालेले शब्द त्याच्या कानांवर पडले, पण ते ओळखीचे वाटले नाहीत. शब्द इंग्रजी होते, सावकाश, जाड आवाजातले.

तिकडे तिच्या आवाजात हसू आलं.

“विटेकर साब?” ती म्हणाली. “अय्या, कितना दिन हुआ साब. आपका आवाज नहीं आया कबसे.” पदर डोक्यावर गेल्याचं त्याला इथून कळलं. मग ती आपल्या हिंदीत भडाभडा बोलत सुटली. हे आत्ताच बोलले साब, जेवले म्हणाले, गाडी में है. शुक्रवार को घर आता. अब कायम का. आपने बहोत संभाला उनको, साब.

हरिदासने फोन दोन्ही हातांनी धरला. बाह्या खाली घसरल्या. ठेव नको, ठेव नको, एवढंच त्याच्या मनात होतं. तिचं बोलणं थांबू नये म्हणून तो श्वास रोखून बसला.

आणि मग, निरोप घेता घेता, त्या भल्या बाईने आपण होऊन विचारलं.

“साब, आपने खाना खाया?”

तिने विचारलं होतं. घरातल्या बाईने, पानावर बसलेल्याला, नीट विचारलं होतं. आता एक शब्द म्हणायचा. भरलं. हो. काहीही. मराठीत नाही तर हिंदीत, इंग्रजीत, नुसता हुंकार दिला तरी पितर मोकळा झाला असता. पोट तर एवढं भरलेलं होतं की श्वास घेता येत नव्हता. हरिदासने होता नव्हता तेवढा जोर लावून तोंड उघडलं.

“नॉट येट,” तो म्हणाला. फार हळू, फार आशेने.

तिकडे बबीता हसली. “तो खा लो साब,” ती म्हणाली. “मैं भी बैठती अब.” भांड्यांचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

बाहेर पूर्ण काळोख झाला होता. भिंतीकडेची जागा रिकामी होती. समोरच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. अलेक्सने येऊन हाडांची प्लेट उचलली, टेबलावरचे पावाचे कण रुमालाने झाडले आणि तिथे दुसरी, स्वच्छ प्लेट ठेवली.